अमेरिकेत मेडिकल स्कूलला अर्ज करण्यापूर्वी जुने विज्ञान-विषय पुन्हा घ्यावेत का, आणि घ्यायचेच तर कसे

तिशी-चाळिशीत, नोकरी-संसार सांभाळून, अमेरिकेत डॉक्टर व्हायचे ठरवणारे मराठी वाचक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : दहा-पंधरा वर्षांपूर्वी कॉलेजात घेतलेले केमिस्ट्री, फिजिक्स, बायोलॉजी पुन्हा घ्यावे लागेल का? मी स्वतः ही वाट वयाच्या ३५व्या वर्षी, संगणक क्षेत्रातली नोकरी चालू असतानाच धरली, आणि त्या वेळी मला दोन टोकांचे सल्ले मिळाले. एका सल्लागाराचे म्हणणे सगळे विषय पहिल्यापासून पुन्हा घ्यावेत असे होते, तर दुसऱ्याच्या मते एकही घेण्याची गरज नव्हती. दोन्ही सल्ले चुकीचे होते, कारण हा निर्णय सरसकट घेण्याचा नसतो. तो एकेका विषयापुरता, त्या विषयाची जुनी ग्रेड, तुम्ही अर्ज करणार त्या मेडिकल महाविद्यालयांचे नियम आणि आज तुम्हाला त्यातले काय आठवते, एवढ्या तीन गोष्टी शेजारी ठेवून घ्यायचा असतो.

एमडी (ॲलोपॅथिक) आणि डीओ (ऑस्टिओपॅथिक) या अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय पदव्या देणाऱ्या महाविद्यालयांची मागणी ढोबळमानाने सारखी असते : प्रयोगशाळेसह एक वर्ष बायोलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑर्गॅनिक केमिस्ट्री, एक वर्ष फिजिक्स, त्याखेरीज एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजी लेखन व संख्याशास्त्र. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी अनेक ठिकाणी सक्तीचे नसले, तरी एमकॅट या प्रवेशपरीक्षेचा २०१५पासूनचा आराखडा पाहिला, तर ते टाळणे परवडत नाही.

आधी सगळी गुणपत्रके हातात घ्या

ज्या ज्या अमेरिकन कॉलेजात किंवा विद्यापीठात तुम्ही कधीही नाव नोंदवले असेल, त्या प्रत्येकाचे अधिकृत गुणपत्रक मागवा. एखाद्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक, दोन वर्षांच्या कॉलेजात) एकच विषय घेऊन तो मध्येच सोडला असेल, तरी तेही मागवा. एमडी महाविद्यालयांचे अर्ज ॲमकॅस या मध्यवर्ती सेवेमार्फत जातात, डीओ महाविद्यालयांचे ॲकोमॅसमार्फत, आणि टेक्ससमधल्या सार्वजनिक महाविद्यालयांचे टीएमडीएसएएसमार्फत. या तिन्ही ठिकाणी, नापास झालेले आणि अर्धवट सोडलेले विषय धरून, सर्व अभ्यासक्रम दाखवावे लागतात. लपवलेला विषय पुढे उघडकीस आला, तर तो सचोटीचा प्रश्न होतो, आणि त्याची किंमत जुन्या वाईट ग्रेडपेक्षा फार मोठी असते.

मग वहीचे पान आडवे धरून तक्ता करा. विषयाचे नाव, सेमिस्टर, क्रेडिट, प्रयोगशाळा त्याच क्रमांकाखाली होती की वेगळ्या, आणि ग्रेड. माझ्या तक्त्यात जनरल केमिस्ट्रीला दोन्ही सेमिस्टरमध्ये बी, ऑर्गॅनिकच्या पहिल्या भागाला बी वजा, दुसऱ्या भागाला सी वजा, फिजिक्सला ए आणि बी अधिक, असे होते; बायोकेमिस्ट्रीची ओळ कोरी होती. तोवर माझ्या डोक्यात "माझे विज्ञान कच्चे आहे" एवढेच वाक्य घर करून होते. तक्ता समोर आल्यावर कळले की खरी दुखरी जागा एकच आहे आणि एक जागा रिकामी आहे.

महाविद्यालयांचे नियम लेखी मिळवा

पंधरा-वीस मेडिकल महाविद्यालयांची प्राथमिक यादी करा. ज्या राज्यात तुमचे कायदेशीर वास्तव्य आहे, तिथली सार्वजनिक महाविद्यालये यादीत सर्वांत वर ठेवा, कारण त्यांचा कल आपल्या राज्यातल्या रहिवाशांकडे असतो. एमडी महाविद्यालयांची माहिती अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या सशुल्क संग्रहात एकत्र मिळते, आणि या कामासाठी तेवढा खर्च करावाच असे माझे मत आहे.

जुन्या विषयांबाबत तुम्हाला साधारण तीन प्रकारचे नियम आढळतील. अनेक ठिकाणी मुदतच नसते. काही ठिकाणी पाच, सात किंवा दहा वर्षांची मर्यादा असते. आणि काही ठिकाणी "अलीकडचा अभ्यास अपेक्षित" असे मोघम लिहिलेले असते. मोघम नियम असलेल्या प्रत्येक कार्यालयाला ई-मेल करून नेमके विचारा : माझी जनरल केमिस्ट्री अमुक वर्षाची आहे, ग्रेड बी आहे, ती चालेल का, आणि त्यानंतर वरच्या पातळीचा विषय अलीकडे घेतला, तर जुन्याची अडचण दूर होईल का? कम्युनिटी कॉलेजातला विषय, ऑनलाइन प्रयोगशाळा आणि शाळेत असताना मिळवलेले एपी (कॉलेज-पातळीच्या विषयाचे) क्रेडिट चालते का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. फोनवर मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. लेखी उत्तरे एका जागी जपून ठेवा, कारण अर्ज करेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि दरम्यान कार्यालयातली माणसे बदलतात.

कोणता विषय पुन्हा घ्यावा

सी वजा किंवा त्याखालची ग्रेड असेल, तर फार विचार करू नका. बहुतेक महाविद्यालये पूर्वअभ्यासक्रमासाठी, म्हणजे प्रवेशापूर्वी लागणाऱ्या या विषयांसाठी, किमान सी मागतात, त्यामुळे तो विषय पुन्हा घ्यावाच लागतो. बी किंवा त्याहून चांगली ग्रेड असलेला विषय केवळ जुना झाला म्हणून पुन्हा घेऊ नये. यादीतल्या महत्त्वाच्या महाविद्यालयाने मुदत संपल्याचे लेखी कळवले असेल, तरच घ्यावा. एरवी तेच पैसे आणि तोच वेळ बायोकेमिस्ट्री, सेल बायोलॉजी, जेनेटिक्स, ह्यूमन फिजिऑलॉजी अशा वरच्या विषयांवर घालवा. पंधरा वर्षांपूर्वी ज्याला बायोलॉजीत बी मिळाला, त्याने आज पुन्हा तेच पहिल्या वर्षाचे बायोलॉजी घेऊन ए मिळवला, तर निवड समितीला फारसे नवे कळत नाही. त्याच माणसाने फिजिऑलॉजीत ए मिळवला, तर मेडिकलचा अभ्यास त्याला झेपेल याचा ताजा पुरावा समोर येतो.

अवघड निर्णय असतो तो सी आणि सी अधिकचा. नियमाने ती ग्रेड चालते, पण पाया कच्चा असल्याची ती खूणही असते. इथे आठवणीची कसोटी लावावी. त्या विषयाची एखादी जुनी वार्षिक परीक्षा, पुस्तक न उघडता, वेळ लावून सोडवा. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाची केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स आणि ऑर्गॅनिकची पाठ्यपुस्तके विनामूल्य वाचता येतात. त्यांतला विषय तीन-चार आठवडे वाचून पुन्हा परीक्षा द्या. दुसऱ्या खेपेला गुण भराभर वाढले, तर ज्ञान झोपलेले होते, नाहीसे झालेले नव्हते, आणि स्वयंअध्ययन पुरेसे आहे. ते जागचे हलले नाहीत, तर वर्गात बसावे.

माझ्या बाबतीत फिजिक्स आणि जनरल केमिस्ट्री दोन-तीन आठवड्यांत परत आले. ऑर्गॅनिकमधल्या रिअ‍ॅक्शन मेकॅनिझम मात्र आल्या नाहीत, कारण त्या मला मुळात कधी समजल्याच नव्हत्या. इलेक्ट्रॉनांचा बाण कुठून निघतो आणि कुठे पोचतो, हे मी विशीत पाठ केले होते. म्हणून मी ऑर्गॅनिकचा दुसरा भाग पुन्हा घेतला आणि पहिला भाग पुन्हा घेतला नाही. वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात तो पहिला भाग घरीच, रोज एक तास, कागदावर बाण काढत भरून काढला.

विषय बदलला आहे का, हाही विचार मनात असू द्यावा. न्यूटनचे नियम आणि लेन्सचे सूत्र वीस वर्षांत बदललेले नाही. रेणवीय जीवशास्त्र मात्र बरेच पुढे गेले आहे. क्रिस्परने जनुक कापण्याची पद्धत २०१२मध्ये पुढे आली, म्हणजे त्यापूर्वी शिकलेल्या माणसाच्या वहीत तिचे नावही नसेल. दोन विषयांपैकी एकच घेणे शक्य असेल, तर फिजिक्सपेक्षा जेनेटिक्सला प्राधान्य द्यावे, असे मी म्हणेन.

जुनी ग्रेड पुसली जात नाही

आपल्याकडे नीटसाठी वर्षभर थांबून पुन्हा बसणाऱ्या मुलाला मागच्या वर्षीचे गुण आडवे येत नाहीत. नवे गुण तेच त्याचे गुण. ही सवय मनात घट्ट असल्यामुळे इकडेही विषय पुन्हा घेतला की जुनी ग्रेड गेली, असा समज आपल्या लोकांत फार आहे. तुमचे विद्यापीठ स्वतःच्या हिशेबात जुनी ग्रेड वगळतही असेल, पण ॲमकॅस दोन्ही ग्रेड धरते. ॲकोमॅस पूर्वी नवी ग्रेड जुन्याच्या जागी घेत असे. २०१७मध्ये तो नियम रद्द झाला, तरी अजून अनेक जण त्याच आशेवर असतात. टेक्ससच्या रहिवाशांसाठी "ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट" नावाची कायदेशीर तरतूद आहे, जिच्यात दहा वर्षांहून जुने शिक्षण बाजूला ठेवता येते, पण तसे केल्यास त्या काळातली चांगली क्रेडिटही हातची जातात. जुनी पदवीच त्यात अडकलेली असेल, तर ती वाट धरण्यापूर्वी सल्लागाराशी सविस्तर बोलावे.

आता हिशेब करून पाहू. चार क्रेडिटच्या विषयात पूर्वी सी, म्हणजे २.०, आणि आता ए, म्हणजे ४.० मिळाला, तर त्या विषयाची सरासरी ३.० होते. एखाद्याची १२० क्रेडिटची एकूण सरासरी ३.१ असेल आणि त्याने नवी ३२ क्रेडिट सगळ्या ए ग्रेडनी मिळवली, तर एकूण सरासरी ३.२९वर जाते. दोन वर्षांच्या मेहनतीला हे फळ थोडे वाटेल. पण ॲमकॅस बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची वेगळी सरासरी काढते, जिला बीसीपीएम म्हणतात. जुनी ४० क्रेडिट २.८ सरासरीची असतील, तर त्याच ३२ क्रेडिटमुळे ती ३.३३ होते. शिवाय पदवीनंतर घेतलेल्या विषयांची सरासरी अर्जात स्वतंत्र ओळीत दिसते, आणि तिथे ४.० असते. एमडी महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे ३.८च्या आसपास असते, तेव्हा जुना आकडा कमी असलेल्या अर्जदाराला याच ओळीचा आधार असतो. निवड समितीतले लोक सरासरीइतकाच तिचा चढता कल वाचतात.

अभियंत्यांसाठी एक सूचना. इंजिनिअरिंगचे आणि कॉम्प्युटर सायन्सचे विषय बीसीपीएममध्ये धरले जात नाहीत; गणित आणि संख्याशास्त्र धरले जातात. ॲकोमॅसच्या विज्ञान-सरासरीत मात्र गणितही येत नाही. एकाच माणसाची विज्ञान-सरासरी दोन ठिकाणी दोन निघते, म्हणून दोन्ही हिशेब स्वतः मांडून ठेवावेत.

कुठे घ्यावेत

पदवीनंतर हे विज्ञान-विषय घेण्यासाठीच्या औपचारिक पोस्ट-बॅक अभ्यासक्रमांत दोन जाती आहेत. ब्रिन मॉर, गाउचर यांसारख्या कॉलेजांतले अभ्यासक्रम मुख्यतः ज्यांनी हे विषय कधी घेतलेच नाहीत अशांसाठी आहेत. ज्याचे बहुतेक विषय झालेले आहेत, त्याला तिथे प्रवेश मिळण्याची शक्यता कमी. दुसरी जात ग्रेड सुधारणाऱ्यांसाठीची. पण नोकरी करणाऱ्या बहुतेकांना जवळच्या सार्वजनिक विद्यापीठात नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून, म्हणजे नवी पदवी न घेता फक्त हवे ते विषय घेण्यासाठी, नाव नोंदवणे हाच परवडणारा आणि पुरेसा मार्ग ठरतो. कम्युनिटी कॉलेज स्वस्त असते आणि तिथे संध्याकाळचे वर्ग मिळतात. एक-दोन पायाभूत विषय तिथे घेऊन पुढचे चार वर्षांच्या विद्यापीठात घेतले, तर सहसा कोणी आक्षेप घेत नाही. सगळेच तिथे घेऊ नयेत.

नॉन-डिग्री विद्यार्थ्याची नोंदणी सर्वांत शेवटी उघडते, आणि तोवर प्रयोगशाळेच्या जागा संपलेल्या असतात. म्हणून प्रतीक्षायादीत नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात हजर राहावे. पहिल्या आठवड्यात जागा सुटतात. दुसरी अडचण अशी की संगणकाला तुमचे दुसऱ्या विद्यापीठातले जुने विषय दिसत नाहीत, त्यामुळे ऑर्गॅनिक दोनसाठी नाव नोंदवताना तो तुम्हाला अडवतो. अशा वेळी जुने गुणपत्रक आणि मिळाल्यास त्या वर्षीचा सिलॅबस जोडून विभागाकडे परवानगी मागावी. मला ती मिळायला तीन आठवडे लागले. हे काम सुटीतच उरकावे.

पहिले सेमिस्टर हलके ठेवा

इतक्या वर्षांनी परत येणारा माणूस उत्साहात तीन-चार विषय एकदम घेतो आणि पहिल्याच सेमिस्टरला दोन बी पदरात पडतात. जुन्या सी पुसता येत नाहीत, तशा नव्या बीसुद्धा पुसता येत नाहीत. पूर्ण वेळ नोकरी असेल, तर पहिल्या खेपेला प्रयोगशाळेचा एकच विषय आणि जोडीला सायकॉलॉजीसारखा विषय पुरे. प्रयोगशाळा आठवड्याला तीन-चार तास खाते आणि अहवाल लिहायला आणखी तेवढेच.

प्रयोगशाळेत पंधरा वर्षांनी ब्युरेट हातात घेतली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. शेवटच्या टप्प्यावर मी तोटी जराशी जास्त उघडली आणि फ्लास्कमधले पाणी एका क्षणात गडद गुलाबी झाले. म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन या रंगसूचकाची सीमा केव्हाच ओलांडली होती. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्यांदा मी थेंब नळीच्या टोकाशी लोंबता ठेवून, काचेला टेकवून, धुण्याच्या बाटलीतल्या पाण्याने आत ओढला, तेव्हा जेमतेम दिसेल असा फिकट रंग आला आणि टिकला. शेजारी उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलीने मला ती युक्ती दाखवली होती. वर्गात आपल्यापेक्षा निम्म्या वयाची मुले असतात. त्यांच्याबरोबर अभ्यासगटात बसावे, संकोच करू नये. आणि प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी ठेवलेल्या वेळांना) पहिल्या आठवड्यापासून जावे, केवळ शंकांसाठी नव्हे. बहुतेक महाविद्यालये विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांना तुम्ही आठवत नसता. विषय पुन्हा घेण्याचे हे एक भरभक्कम कारण आहे, आणि त्याचा विचार फार थोडे लोक करतात.

एमकॅट आणि वर्षांचे गणित

एमकॅटमध्ये चार विभाग असतात, प्रत्येकाला ११८ ते १३२ आणि एकूण ४७२ ते ५२८ गुण. बायोलॉजीच्या आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या अशा दोन्ही विभागांत साधारण २५ टक्के भाग पहिल्या सेमिस्टरच्या बायोकेमिस्ट्रीचा असतो, म्हणून बायोकेमिस्ट्री संपल्याशिवाय परीक्षेला बसू नये. कॅल्क्युलेटर मिळत नाही. लॉग आणि घातांकांची आकडेमोड हाताने करण्याचा सराव आतापासून ठेवावा. वर्षात तीन, लागोपाठच्या दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सातच वेळा बसता येते, आणि मिळालेले गुण बहुतेक महाविद्यालये दोन-तीन वर्षेच ग्राह्य धरतात. विषय पुन्हा घेण्यापूर्वीच घाईने परीक्षा देऊन टाकली, तर अर्जाच्या वेळी गुण शिळे होतात.

समजा, ऑगस्ट २०२६मध्ये सुरुवात केली. पहिल्या सेमिस्टरला एक पुन्हा घ्यायचा विषय, २०२७च्या वसंतात दुसरा, शरदात बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी, २०२८च्या एप्रिलमध्ये एमकॅट, जूनच्या सुरुवातीला अर्ज, आणि सगळे जुळून आले, तर २०२९च्या जुलै-ऑगस्टमध्ये पहिले वर्ष सुरू. म्हणजे आज निर्णय घेणाऱ्याला तीन वर्षे लागतात, आणि हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. रुग्णालयातले स्वयंसेवन आणि डॉक्टरांबरोबर राहून निरीक्षण करणे याच काळात, आठवड्याला तीन-चार तास, सलग चालू ठेवावे.

भारतातली पदवी असेल तर

मुंबई, पुणे किंवा गोवा विद्यापीठाची बीएस्सी असलेल्यांसाठी प्रश्नाचे स्वरूपच वेगळे आहे. ॲमकॅस परदेशी गुणपत्रकांची पडताळणी करत नाही आणि ते गुण सरासरीत धरत नाही. मूल्यमापन-संस्थेकडून पदवी समकक्ष ठरवून घेतली, तरी त्याने ही अडचण सुटत नाही. बहुतेक महाविद्यालयांना पूर्वअभ्यासक्रम अमेरिकेत किंवा कॅनडात झालेले हवे असतात, आणि कित्येकांना पदवीही तिथलीच लागते. तेव्हा इथे पुन्हा घ्यावे का हा प्रश्नच उरत नाही, घ्यावेच लागतात. यात एक जमेची बाजू अशी की तुमची अमेरिकन सरासरी कोऱ्या पानावर सुरू होते, त्यामुळे त्या पानावरची पहिली ग्रेड फार जपावी.

एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्यांना शिकण्याची मुभा आहे, आणि अनेक मराठी भगिनी कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात करतात. पण अनेक महाविद्यालये, विशेषतः सार्वजनिक, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, आणि सरकारी शैक्षणिक कर्जही व्हिसाधारकांना मिळत नाही. पहिल्या विषयाची फी भरण्यापूर्वी तुमच्या यादीतली किती महाविद्यालये तुमच्या व्हिसावर अर्ज स्वीकारतात, हे मोजून पाहा. ती संख्या फारच थोडी निघाली, तर ग्रीन कार्डच्या वेळापत्रकाशी शिक्षणाचे वेळापत्रक जुळवावे, नाहीतर केलेला अभ्यास पुन्हा जुना होतो.

अर्ज भरताना

शेवटच्या सेमिस्टरची ग्रेड गुणपत्रकावर चढल्याची खात्री करूनच गुणपत्रके पाठवायला सांगा. प्रत्येक विषय, जुना आणि नवा, स्वतंत्र ओळीत भरा आणि पुन्हा घेतलेल्या विषयाच्या दोन्ही नोंदींवर तशी खूण करा. लग्नानंतर आडनाव बदलले असेल, तर जुन्या गुणपत्रकावरचे नाव अर्जात नोंदवायला विसरू नका; त्याअभावी गुणपत्रक अर्जाशी जुळत नाही आणि पडताळणी अडकते. वैयक्तिक निवेदनाला ५,३०० अक्षरे मिळतात. त्यातली जुन्या ग्रेडसाठी दोन वाक्ये पुरेत : त्या वेळी काय घडले आणि त्यानंतर काय केले. आजारपण किंवा घरची जबाबदारी हे कारण असेल, तर ते नेमके लिहावे; कारण नसेल, तर बनवू नये. अर्ज धाडण्यापूर्वी अधिकृत गुणपत्रक शेजारी ठेवून विषयाचा क्रमांक, क्रेडिट आणि ग्रेड ओळीओळीने ताडून पाहा, शक्यतो दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगून. चुका जास्त आढळल्या, तर ॲमकॅस अर्ज परत पाठवते, आणि जूनमध्ये सहा-सहा आठवडे चालणाऱ्या पडताळणीच्या रांगेत तुम्ही पुन्हा मागे जाता.